तळहाताएवढी कोरडी जागा

बंडलनानाने आयुष्यात इतक्या थापा मारल्या होत्या, की त्या एकावर एक रचल्या असत्या तर अ‍ॅल्युमिनाच्या कारखान्याच्या धुराड्यालाही मान वर करून बघावं लागलं असतं. खरं नाव होतं त्याला, पण ते फक्त विजेच्या बिलावर. एरवी गल्लीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत तो बंडलनानाच. बायको म्हणायची, "अहो, निदान बाहेर ऊन आहे की सावली एवढं तरी खरं सांगत जा. कपडे वाळत घालायचेत मला."

आणि गंमत म्हणजे, त्याचा धंदा असा होता की त्यात पदरचं काही घालायची गरजच नव्हती. तो प्लाझ्मा फवारायचा. बंदुकीच्या पोटात विजेचा लोळ पेटवायचा, त्यातून वायू सोडायचा, की तोंडातून जांभळट पांढरी ज्वाळा बाहेर पडे. त्या ज्वाळेत दगडाची भुकटी सोडली तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत ती वितळे, समोरच्या लोखंडावर जाऊन आदळे आणि ओल्या मातीचा गोळा भिंतीवर मारावा तशी चपटी होऊन तिथल्या तिथे गोठे. असे कण थरावर थर बसत गेले, की लोखंडाला दगडाचं कातडं चढे. एवढं ऐकूनच कुणाचाही आ वासला असता. पण नानाचं तेवढ्यावर भागत नसे.

"एकदा एक माशी ज्वाळेच्या आडवी गेली," तो सांगे. "माशी सुटली. सावली मात्र भिंतीला चिकटली. अजून आहे. तिच्यासाठी तर भिंतीला रंग देत नाही मी." आणि शेडच्या भिंतीवरचा एक काळा ठिपका दाखवी.

थाप सुरू करण्याआधी त्याचा उजवा हात कपाळावरून मागे, तेलाने चपचपीत केसांवरून फिरायचा. त्या हाताची करंगळी वाकडी होती. ती मगरीने चावली होती. निदान नाना तसं सांगे. गावाच्या चारी बाजूंना मगर पोहू शकेल असं पाणी कुठेच नव्हतं, पण त्याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. मगर वाट चुकली होती.

या सगळ्यावर ज्याचा कधीच विश्वास बसला नाही तो म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दादा कारखान्यातल्या गाळाच्या पंपांचा मुख्य होता. बोलायला मोजका, हसायला त्याहून मोजका. नाना शाळेत पास झाला तेव्हा दादा स्वतः फळ्यावरचा निकाल वाचून आला होता. नानाचं लग्न ठरलं तेव्हा दादा मुलीकडच्यांच्या घरी गेला होता. मुलगी पसंत करायला नव्हे, मुलगी खरोखर आहे का ते बघायला. परत येऊन आईला म्हणाला, "आहे." तेवढंच.

नानाने हे सगळं हसण्यावारी नेलं. पण आत कुठेतरी कुसळ टोचत राहावं तसं ते राहिलं होतं. साऱ्या जगाने आपल्याला बंडल म्हणावं, त्याची त्याला फिकीर नव्हती. दादाने मात्र एकदा, निव्वळ एकदा, उठून बघायला न जाता 'बरं' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती.

दादाच्या पंपांचं दुखणं गावाला ठाऊक होतं. कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचं खनिज जळजळीत सोड्यात शिजवत. कामाचं ते सोड्यात विरघळे, ते काढून घेत. उरे तो लाल गाळ. लाल, चिकट, बारीक वाळूसारखा खरखरीत, आणि सोड्याने चरचरणारा. तो पंपांनी लोटत लोटत टेकडीपलीकडच्या तळ्यात सोडायचा. हा गाळ पंपांचे पंखे असे खाई, की नवा पंखा बसवून माणसं घरी जाऊन पाठ टेकतात न टेकतात तोच त्याच्या पात्यांचं बोळकं झालेलं असे.

नानाच्या शेडच्या मागच्या खोलीत वहिनी काम करायची. वहिनी म्हणजे दादाची बायको. नाना फवारायचा आणि वहिनी तपासायची: लेप किती जाड बसला, किती झिजतो, पाणी धरतो की टाकतो. गाळाचा लेप ही कल्पना तिचीच.

"भावजी, सोड्याने जे खायचं ते खाऊन झालंय," ती एकदा चहा ओतता ओतता म्हणाली. "उरलंय ते त्याला पचलेलं नाही. मग तेच पंख्याला लावून बघू या की."

"गाळापासून वाचायला गाळच?"

"का? तुमच्यापासून वाचायला मी तुमच्याच घरात आले नाही का?"

मग तळ्याकाठचा वाळलेला गाळ आला. तो भाजला, दळला, चाळला. लोखंडाच्या वीतभर लांबरुंद पट्ट्या वाळूच्या माऱ्याने खरखरीत केल्या, म्हणजे लेपाला धरायला जागा मिळते, आणि नानाने त्यांच्यावर बंदूक धरली. पट्ट्यांवर पिकलेल्या विटेच्या रंगाचा थर बसला. बंदूक विझली, पट्ट्या कोमट झाल्या, तशी नानाने आपल्या जन्माच्या सवयीने एकेक पट्टी हातात घेऊन तिच्यावर तळहात ठेवला. शाबास, असं. कामाला निघालेल्या मुलाची पाठ थोपटावी तसं तो प्रत्येक तुकड्याला करी. बंदूक चालवायला शिकला तेव्हापासून करी.

वहिनीने पट्टी आपल्या यंत्राखाली ठेवली. यंत्र तसं साधंच. वरून सुईतून पाण्याचा एक थेंब सोडायचा, आणि बाजूने भिंगातून बघायचं, थेंब कसा बसलाय. पृष्ठभागाला पाणी आवडत असेल तर थेंब फतकल मारून पसरतो. आवडत नसेल तर अंग चोरून उभा राहतो, आणि त्याच्या कडेचा कोन मोठा भरतो. भाजलेल्या मातीच्या लेपावर तो पसरणारच, हे वहिनी गृहीत धरून बसली होती.

थेंब पसरला नाही. मोत्यासारखा गोल उभा राहिला. वहिनीने पट्टी जरा कलती केली, तसा टुणकन घरंगळून टेबलावर पडला.

"थांबा, थांबा," नाना ओरडला, "धरा त्याला, तो दाराकडे निघालाय!"

आता यात वाढवून सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टाकाऊ गाळाचा लेप, आणि त्यावर पाणी ठरत नाही! पाणी ठरत नाही तर गाळ चिकटणार नाही, चिकटणार नाही तर घासणार नाही. असा सरळ हिशेब नानाने उभ्या उभ्या मांडला. वहिनी म्हणाली, "दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या," पण तो आवाज नानाच्या कानापर्यंत पोचलाच नाही. संध्याकाळी दादा बायकोला न्यायला आला तेव्हा नानाने त्याला हाताला धरून भिंगापाशी बसवलं.

दादाने थेंब पाहिला. पुन्हा सोडायला लावला. स्वतःच्या हाताने पट्टी कलती केली. थेंब घरंगळला. मग उठताना दादा नानाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हे मात्र खरं आहे रे."

त्या दिवशी नाना घरी एकही थाप न मारता जेवला. बायकोने कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

दादाने पुढे जे केलं ते दादाने करावं असं कुणाला वाटलं नसतं. तो वरच्या साहेबाकडे गेला आणि म्हणाला, सगळ्या पंपांच्या पंख्यांना हा लेप द्या. एकदम सगळ्यांना. साहेब म्हणाला, मी स्वतः येऊन थेंब बघतो, येताना तुमच्या पंपाचं पाणीही घेऊन येऊ. तसा दिवस ठरला.

तो दिवस उजाडायच्या आधीच घोटाळा झाला. डबा उघडताना पत्र्याने नानाचा उजवा तळवा कापला, आणि हाताला जाड फडकं बांधून तो कामावर आला. साहेबाला दाखवायला नवीन तुकडे हवे होते. नानाने डाव्या हाताने बंदूक धरून ते फवारले. तीच भुकटी, तीच ज्वाळा, तेवढंच अंतर. वहिनीने थेंब सोडला. थेंब फतकल मारून पसरला आणि लेपात जिरून गेला.

दुसरा तुकडा. जिरला. तिसरा. जिरला.

वहिनीने आधी भुकटीवर संशय घेतला, मग वायूवर, मग बंदुकीच्या तोंडावर, आणि हे सगळं निर्दोष निघाल्यावर जुनी पट्टी काढून तिच्याकडे बघत बसली. मग उठली, खिडकीतल्या कुंडीवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेतली आणि सगळ्या पट्टीवर बारीक तुषार उडवले.

"भावजी, इकडे या."

नाना आला. पट्टी भिजून गडद झाली होती. मध्ये तेवढी एक जागा फिकट, कोरडी राहिली होती आणि तिच्यावर बारीक बारीक मोती उभे होते. त्या कोरड्या जागेला चार बोटं होती, एक अंगठा होता. करंगळी वाकडी होती.

नानाचा डावा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि केसांपर्यंत पोचून तसाच थांबला.

"तेल," वहिनी म्हणाली.

"तेल," नाना म्हणाला.

"कोमट असताना हात ठेवता तुम्ही. भाजल्या मातीसारखा लेप, तो पितो. आणि मी थेंब सोडते नेमका मधोमध." ती खुर्चीत बसली. "मीसुद्धा सगळ्या पट्टीवर कधी पाहिलं नाही. इतकं छान दिसत होतं, कोण कडेला बघायला जातंय?"

"पण मग... तेल लावूनच देऊ या की पंख्यांना!"

"आणि पंपात काय आहे? सोडा. सोड्यात तेल टाकलं की काय होतं?"

सोड्यात तेल टाकलं की साबण होतो. पहिल्या दिवशी पंप सुरू होताच सगळा चमत्कार फेस होऊन तळ्यात गेला असता, आणि त्याच्या पाठोपाठ दादाचा शब्द.

"वहिनी, तुम्हीच सांगा ना दादाला."

"मी सांगितलं तर त्यांना कळेल की तपासणीत चूक निघाली," वहिनी म्हणाली. "एवढंच कळेल. बाकी तुमचं तुम्ही बघा."

नाना त्या रात्री झोपला असेल नसेल. सकाळी त्याने आपल्याला जमेल ते केलं: डोकं धुतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे केस वाऱ्यावर उडत होते आणि तो स्वतःच्याच शेडमध्ये पाहुण्यासारखा दिसत होता.

दादा आला, साहेब आला, पंपघरातली दोन जाडी माणसं एका डब्यात पंपाचं लाल पाणी घेऊन आली. सगळे भिंगाभोवती जमले. वहिनीने जुनी पट्टी ठेवली आणि नानाकडे पाहिलं.

"हे खोटं आहे," नाना म्हणाला.

साहेबाने भुवया उंचावल्या.

"म्हणजे, थेंब खरा आहे. लेपही खरा आहे. पण पाणी जे सटकतं ते लेपामुळे नाही. माझ्या डोक्याच्या तेलामुळे."

पंपघरातला जाड्यांतला जाड्या खदखदून हसला. "आली! बंडलनानाची नवी आली! डोक्याच्या तेलाने कारखाना चालवणार हा!"

"अरे, खरं सांगतोय मी."

"आणि ती माशी? तिलाही तेलच पाजलं होतं का?"

साहेबही हसला. आणि कधी नव्हे तो दादासुद्धा हसला, डोकं हलवत, मायेने. "पुरे रे आता. थेंब दाखव त्यांना," तो म्हणाला. नानाला आयुष्यभर खोटं सांगून जे मिळालं नाही ते आज समोर वाढून ठेवलं होतं. नुसतं हसायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, थेंब सोडायचा. सगळे टाळ्या वाजवून गेले असते. पंप सुरू होईपर्यंत तो खरा ठरला असता. निदान तोवर.

त्याने ती फवाऱ्याची बाटली उचलली आणि पट्टीवर पाणी उडवलं.

हात उमटला. कोरडा, फिकट, मोत्यांनी भरलेला. हसणं हळूहळू थांबत गेलं. पंपघरातल्या माणसाचं सर्वांत शेवटी. दादा वाकून बघत होता. बोटांवरून त्याची नजर सरकत करंगळीपाशी गेली आणि तिथेच अडली.

ती करंगळी मगरीने चावलेली नव्हती. लहानपणी घराच्या दारात चेंगरली होती, आणि ते दार रागाच्या भरात दादाने आपटलं होतं. आई धावत आली तेव्हा पोरगं कळवळत होतं, आणि कळवळता कळवळता त्याने मगरीची गोष्ट सांगितली होती. ती त्याची पहिली थाप. दादाला आईकडून बसणारा मार त्या थापेने वाचवला होता. त्यानंतर दोघांनी त्या दाराचं नाव काढलं नव्हतं.

नानाने डब्यातलं लाल पाणी पट्टीवर ओतलं. थोडा फेस आला. मोती एकेक करून बसत गेले, आधी अंगठा भिजला, मग बोटं, शेवटी ती वाकडी करंगळी. पट्टी सगळीकडून सारखी गडद झाली.

"म्हणजे गाळ चिकटणार," साहेब म्हणाला.

"चिकटणार."

"मग यात राहिलं काय?"

नानाने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं, की राहिलं होतं ते कसं सांगायचं हे त्याला येतच नाही. वहिनीने गेल्या आठवड्यात नळीतून वाळूचा फवारा सोडून या पट्ट्या झोडपून काढल्या होत्या. तशाच झोडपलेल्या साध्या लोखंडाला खड्डा पडला होता. लेपाच्या पट्ट्या तराजूवर ठेवल्या तेव्हा काटा जेमतेम हलला होता. पण थेंब घरंगळतो ती गोष्ट असते. न झिजणं ही काय गोष्ट आहे? तिच्यात मगर नाही, माशी नाही, काही घडतच नाही.

त्याने दोन्ही पट्ट्या दादाच्या हातात दिल्या, खड्डा पडलेली आणि न पडलेली.

"दोन्हींवर सारखीच वाळू मारली," तो म्हणाला. "हिचं हे झालं. हिचं काही झालं नाही."

"बरं. पुढे?" दादाने विचारलं.

"पुढे काही नाही. सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. तिथेही काही झालं नाही."

"अजून?"

"संपलं, दादा. एवढंच आहे."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. उडणाऱ्या केसांकडे, फडकं बांधलेल्या हाताकडे. मग त्या खड्ड्यावरून अंगठा फिरवत साहेबाला म्हणाला, "सगळ्यांना नको. एक पंखा लावून बघतो. माझ्या जबाबदारीवर."

साहेबाने खांदे उडवले. ज्याला चमत्कार बघायला बोलावलं होतं, त्याला एका पंख्याशी काय देणंघेणं?

पंखा फवारला. नानाने त्याच्यावर हात ठेवला नाही. हात मागे बांधून तो लांब उभा राहिला, आणि हे त्याला फार जड गेलं. पंखा पंपात बसला आणि गाळात गेला. दिवस गेले. शेजारच्या पंपांचे पंखे आले, झिजले, गेले, पुन्हा नवे आले. गाळाचं तळं टेकडीपलीकडे लालभडक वाढत राहिलं. नाना रोज पंपघराच्या भिंतीला कान लावून येई. आत घरघर तीच.

शेवटी इतर डागडुजीसाठी तो पंप उघडायची वेळ आली. पंखा बाहेर काढून अंगणात ठेवला. तो आपादमस्तक चिखलाने माखला होता. पाणी त्याला चांगलंच आवडलं होतं. दादा दुसऱ्या टोकाला पाइपाच्या जोडावर माणसांना ओरडत होता. नानाने एकट्याने नळी लावून पंखा धुतला, आणि उकिडवं बसून एकेका पात्यावरून बोट फिरवलं. लेप होता. फक्त पात्यांच्या टोकांना, जिथे मारा सगळ्यांत जास्त, तिथे बोटाच्या पेराएवढं लोखंड उघडं पडलं होतं.

"कसा आहे रे?" दादाने तिकडूनच विचारलं.

नानाच्या जिभेवर तीन थापा एकदम आल्या. त्याने त्या तिथेच गिळल्या. "टोकांना झिजलाय!" तो ओरडला. "पेराएवढा. बाकी काही झालं नाही!"

पंपघरातला तो जाड्या हातातला पान्हा ठेवून पंख्याकडे निघाला होता. "मी बघून येतो, साहेब," तो दादाला म्हणाला. "याचं काय सांगावं?"

"कशाला?" दादा म्हणाला. "तो म्हणतोय ना." आणि पुन्हा जोडाकडे वळला.

नाना नळी हातात धरून तसाच बसून राहिला. नळीतलं पाणी त्याच्या चपलांत शिरत होतं हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

घरी तो मुकाट्याने आला, मुकाट्याने पानावर बसला. बायकोने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. "अहो, काय झालं? बोला तरी. जीव घाबरा होतो माझा असा."

नानाने घास गिळला. त्याचा उजवा हात, बरा झालेला, कपाळावरून मागे गेला.

"काय सांगू तुला," तो म्हणाला. "पंखा पंपातून बाहेर काढला, तरी फिरतच होता. थांबेना! शेवटी मी त्याच्या कानात सांगितलं, बाबा, दादा आलाय, आता थांब..."

"हं," बायकोने सुस्कारा टाकला आणि वाटी पुढे सरकवली. "बरं आहे तर सगळं."